पेवातला कंदील

१

चहा आला. कप ठेवायला जागा हवी म्हणून आकारामनं टेबलावरचा लॅपटॉप जरा सरकवला आणि त्याचा हात तिथंच थांबला. लॅपटॉपशेजारी बिस्किटाच्या डब्याचं झाकण होतं. झाकणात ठेवलेलं मेमरी कार्ड मात्र नव्हतं.

"दीपाताई, कार्ड तुमी उचललं व्हय?"

दीपमालानं नाही म्हणून मान हलवली. जेवणाआधी आकारामनं ते कार्ड तिच्याच हातात दिलं होतं. 'आधी दोन घास खाऊन घेऊ, मग निवांत लॅपटॉपवर उतरवू' असं म्हणून तिनंच ते झाकणात ठेवलं होतं. जेवण झालं, तेवढ्यात प्रोजेक्टर रुसला, आणि पलीकडच्या खोलीत त्याची समजूत काढण्यात तिची सगळी दुपार गेली.

हरिपुरात नानासोंच्या हळदीच्या शेडमध्ये दोन दिवसांचा हा खेळ मांडला होता. खेळच म्हणायचा. फोन, जुने कॅमेरे, वायरी, खोकी, हाताला लागेल ते घ्यायचं आणि दोन दिवसांत व्हिडिओची काहीतरी गंमत उभी करायची. जमली तर टाळ्या, फसली तर हसून सोडून द्यायची. नियम एकच होता: टेबलावरचं सगळं सगळ्यांचं. विचारत बसायचं नाही, उचलायचं आणि कामाला लावायचं. सकाळी या नियमाचं सगळ्यांना भारी कौतुक वाटलं होतं.

पण त्या कार्डात आकारामची आजी होती. तानुबाई. म्हसवडकडच्या माळावर जन्मभर मेंढरांमागं चाललेली बाई. नातवानं मागून आणलेल्या कॅमेऱ्यापुढं तिला बसवून तिच्या ओव्या गाऊन घेतल्या होत्या, आणि दिवाळीच्या तोंडावर ती गेली. दुसरी प्रत नव्हती. घरात कॉम्प्युटर नाही, दुकानदाराच्या हातात द्यायला जीव होत नाही, म्हणून तो ते कार्ड शर्टाच्या आतल्या खिशात घालून इथवर आला होता. त्यावर त्यानं देवाच्या भंडाऱ्याचं पिवळं बोटही ओढलं होतं. नवी वस्तू घरात आली की त्यांच्याकडं तशी रीतच.

"समदं उतरवून घ्या," देताना तो म्हणाला होता, "शेवटचं तेवढं सोडा. त्ये बिनकामाचं हाय, पुसायचंच ऱ्हायलंय."

टेबलाखाली, पोत्यांमागं, चपलांच्या ढिगात सगळीकडं शोधून झालं. आकाराम पुन्हा पुन्हा तेच झाकण उचलून बघत होता, आणि दीपमालाला ते बघवत नव्हतं.

दारात इंद्रजित उभा होता. साताऱ्याचा, पुण्यात जाहिराती करून नाव कमावलेला, धंद्यात या सगळ्यांत मोठा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय नुकतेच धुतलेले.

"मी तर जेवल्यापासून मागल्या अंगणात जमिनीखाली, हळदीच्या पेवात होतो," तो म्हणाला. "दुपारभर टेबलाशी कोण होतं, ते विचारा की."

कुणी नाव घेतलं नाही. पण सगळ्यांच्या नजरा सृष्टीकडं वळल्या.

२

सृष्टी मिरजेची. इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी, बोलायला फटकळ, आणि आकारामला इथं आणणारी तीच. सकाळी तिनं त्याच्याकडं आजीचा आवाज मागितला होता, आपल्या खोक्यात वाजवायला. "आजी काय खेळणं न्हाई," असं त्यानं तिला सगळ्यांदेखत सुनावलं होतं. आता ते सगळ्यांनाच आठवत होतं.

दीपमाला तिच्यामागं अंगणात गेली तेव्हा ती वायरी गुंडाळून पिशवीत कोंबत होती.

"निघालीस?"

"मग काय करू? आकाराम बघतोय कसा माझ्याकडं. एक शब्द बोलला नाही. शिव्या तरी द्यायच्या."

"तू घेतलंस का?"

"नाही."

वीस वर्षं दीपमाला कराडात लग्नाचे व्हिडिओ कापत-जोडत होती. कॅमेरा आपल्यावर नाही असं वाटलं की माणसं काय करतात, हे तिच्याइतकं क्वचितच कुणी पाहिलं असेल. खोटं बोलणाऱ्या माणसाला आधी हात कुठं ठेवावेत ते कळत नाही, असा तिचा अनुभव. सृष्टीचे हात वायर गुंडाळत होते आणि गुंडाळतच राहिले.

"मग दुपारभर टेबलाशी बसून तुला कुणीच दिसलं नाही?"

"ताई, माझ्या डोक्यावर हे होतं." तिनं खोकं पुढं केलं. पुठ्ठ्याचं, डोकं आत जाईल एवढं, आत एक छोटा पडदा. त्याची वायर गुडघ्याला बांधलेल्या कॅमेऱ्यापर्यंत जात होती. "मेंढीला जग कसं दिसत असेल, ते बघायचं होतं. आकारामच्या बोलण्यावरूनच सुचलं. आत डोकं घातलं की फक्त खालचं दिसतं. टेबलाचे पाय, मांजर, चपला."

"आणि माणसं?"

"माणसांचे पाय."

दीपमाला तिथंच पायरीवर बसली. "कुणाचे पाय आले ते सांग."

सृष्टीनं डोळे मिटले. "जेवणानंतर बऱ्याच वेळानं एक जोडी आली. अनवाणी. घोट्याच्या वरपर्यंत ओला चिखल. टेबलाशी थांबले, अन् लगेच गेले. मला वाटलं, नानांचा कुणी गडी असेल."

"हे मघाशी का नाही बोललीस?"

"गड्यावर आळ आला असता. गरिबावर लगेच येतो." तिनं पिशवीची चेन ओढली. "आणि पाय पाहिले म्हणून कोण विश्वास ठेवणार?"

दीपमालाला ती पोर तेव्हा फार आवडली. स्वतः बुडत असताना दुसऱ्याचा विचार करणारी माणसं तिच्या व्हिडिओंत फार कमी सापडायची.

"अंधार पडेपर्यंत थांब," ती म्हणाली. "मग खुशाल जा."

३

इंद्रजितनं त्याचा व्हिडिओ आनंदानं दाखवला. दीपमालानं कार्ड मागितलं तेव्हा मात्र त्यानं अख्खा कॅमेराच पुढं केला. "केबल लावूनच घ्या ना. सारखं काढघाल नको."

बाकी सगळ्यांनी आपापली कार्डं काढून तिच्या हातावर ठेवली होती. तिनं काही न बोलता केबल लावली.

व्हिडिओ देखणा होता. काळोखात एक कंदील, त्याची पिवळी ज्योत, आणि त्या उजेडात मातीनं लिंपलेली गोल भिंत. बाकी काही नाही. कॅमेरा हळूहळू फिरत राहतो, बघता बघता पाऊण तास होतो, आणि ज्योत जराही थरथरत नाही.

"एकच शॉट, मध्ये कुठंही तोडलेला नाही," इंद्रजित म्हणाला. "पृथ्वीच्या पोटात बसल्यासारखं वाटतं की नाही?"

"वाटतं," दीपमाला म्हणाली. आणि खरंच वाटत होतं.

ती नानासोंना शोधत मागल्या अंगणात गेली. नानासो सांगलीच्या बाजारातून चहाच्या वेळेला परतले होते आणि बाजेवर बसून पान जुळवत होते. साठी ओलांडलेला गृहस्थ, तरुणपणी हळदीचा व्यापार केलेला. या पोरांचं नक्की काय चाललंय हे त्यांना कळत नव्हतं, पण घरात गजबज आहे म्हणून ते खूश होते.

"नाना, तुमचा गडी कुठाय?"

"कुटला गडी? समदी लग्नाला गेल्यात. चहासुदिक मीच ठिवला."

"आणि पेव कोणी उघडलं?"

"मीच की. जेवायच्या आदी कुदळ मारून तोंड मोकळं केलं. दोन वर्सं बंद हुतं." त्यांनी अंगणाच्या कडेला बोट दाखवलं. तिथं जमिनीत माणूस जेमतेम उतरेल एवढं भोक होतं, आणि त्याच्या खाली माणूस उभा राहून वर पुरुषभर उरेल एवढी मातीची खोली. हरिपूरची हळद पिढ्यान्‌पिढ्या अशा पेवांत राहिली.

"आत ओल असंल ना?"

नानासो हसले. "आवं ताई, वल असती तर हळद ऱ्हायली असती व्हय? पेव म्हंजे कोरडं ठणठणीत. बोट फिरवलं तर धूळ लागंल."

"आणि उघडलं की लगेच उतरता येतं?"

"छ्या. आत हवा कोंडल्याली असती. आज उगाडलं की उद्या दुपारपतोर वारं खेळू द्यायचं. मग कंदील पेटवून दोरानं खाली सोडायचा. जळत ऱ्हायला तर माणूस उतरवायचा, इझला तर न्हाई. त्या सायबाला म्या सांगितलं हुतं, आदी कंदील सोड, इझला तर उतरू नको. व्हय म्हनला, अन् मी बाजाराला गेलो."

दीपमाला त्या काळ्या तोंडापाशी गेली. मग तिनं नानासोंचा कंदील मागून घेतला, पेटवला आणि दोरानं खाली सोडला. अर्ध्यावर जाईपर्यंत ज्योत लहान झाली. तळाला टेकण्याआधीच ती गेली.

शेडच्या पलीकडं, पडक्या भिंतीला लागून, पूर्वी हळद धुवायला वापरत असत तो सिमेंटचा रिकामा हौद होता. वर ताडपत्री. दीपमालानं ताडपत्रीचा कोपरा उचलला. आतल्या भिंतींना माती थापलेली होती आणि ती अजून ओली होती.

तेवढ्यात शेडकडून इंद्रजितची हाक आली. "चला, उजेड जायच्या आत सगळे अंगणात या. शेवटचं शूटिंग करायचंय, पूर्ण कार्ड भरेपर्यंत."

दीपमालाच्या हातातून ताडपत्री सुटली. या वयात आणि या गुडघ्यांनिशी आपण इतकं पळू शकतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

४

"बटण दाबू नको."

इंद्रजितचं बोट कॅमेऱ्यावरच थांबलं. आकाराम भिंतीला टेकून बसला होता, सृष्टी पिशवी खांद्याला लावून उभी होती. दीपमालाला धाप लागली होती, त्यामुळं थोडा वेळ कुणालाच काही कळलं नाही.

"आधी कॅमेरा बंद कर. बंद. हां. आता मी काय सांगते ते ऐका." ती पोत्यावर बसली. "इंद्रजित, तू पेवात उतरलाच नाहीस."

"काहीतरीच काय ताई. व्हिडिओ पाहिलात ना?"

"पाहिला म्हणूनच म्हणते. तुझ्या कंदिलाची ज्योत पाऊण तास हलत नाही. आत्ता मी पेवात कंदील सोडला, तो तळाला पोचायच्या आतच विझला. तू उतरला असतास, तर तुलाच वर काढावं लागलं असतं. तुझं पेव मागल्या हौदात आहे. भिंती अजून ओल्या आहेत."

इंद्रजित हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला, "बरं, सेट लावला. एवढा काय गुन्हा झाला? आमच्या धंद्यात रोज लावतात."

"गुन्हा नाहीच. पण मग तू दुपारभर वरच होतास. सृष्टीनं टेबलाशी पाय पाहिले, अनवाणी, ओल्या चिखलाचे. पेव कोरडं असतं, गडी लग्नाला गेलेत. आज या घरात चिखल फक्त त्या हौदात होता, आणि चहाला आलास तेव्हा तू एकटाच पाय धुऊन आला होतास."

आकाराम उठून उभा राहिला. "दादा, तुमी घेतलं?"

"घेतलं, पण चोरलं नाही," दीपमालाच म्हणाली. "चोरायचं असतं तर कार्ड खिशात घालून कधीच गेला असता. एवढंच मला कळत नव्हतं, की याच्या कॅमेऱ्यात सकाळपासून कार्ड होतं, तर दुसरं कशाला लागलं? मग लक्षात आलं. पहिल्या कार्डात काहीतरी होतं, जे याला कुणाला दाखवायचं नव्हतं. म्हणून ते खिशात गेलं, आणि टेबलावरचं सगळ्यांचं, या नियमानं झाकणातलं उचललं. भंडाऱ्याचं बोट याला दिसलं असेल. पण हळदीच्या शेडमध्ये पिवळं काय नसतं? माझा लॅपटॉप बघा, तुमची कपाळं बघा. खुणेचं कार्ड खुणेनंच लपलं."

ती आकारामकडं वळली. पुढचं बोलणं तिला जड जात होतं.

"आणि नवं कार्ड घातलं की आपल्यातला प्रत्येक जण पहिल्यांदा एकच करतो. फॉरमॅट करून ते साफ करतो. सवयीनं, न बघता. सकाळपासून प्रत्येकानं केलंय, मीसुद्धा."

इंद्रजितनं कॅमेरा तिवईवरून काढला, उघडला आणि कार्ड तळहातावर घेतलं. त्याच्या कोपऱ्यावर पिवळं बोट अजून होतं. तो मान वर करत नव्हता.

"चहाला आलो तेव्हा कळलं," तो म्हणाला. "आकाराम झाकण उचलून बघत होता. मला वाटलं, आता गेलंच आहे ते. सांगून परत येणार नाही. मग सांगायचं कशाला?"

"आणि माझ्यावर ढकललं," सृष्टी म्हणाली.

"हो."

आकाराम त्याच्यावर धावून गेला नाही. तो खाली बसला, दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि पहिल्यांदाच रडला. एवढा धिप्पाड गडी, पण रडणं अगदी पोरासारखं होतं. सृष्टीनं पिशवी खाली टाकली आणि त्याच्याशेजारी जाऊन बसली.

"आता रडू नको," दीपमाला म्हणाली. "अजून पुरतं गेलेलं नाही."

५

साफ केलेलं कार्ड हे भाडेकरू सोडून गेलेल्या घरासारखं असतं, असं दीपमाला म्हणायची. दारावरचं नाव तेवढं पुसलं जातं, सामान आतच असतं. नवा भाडेकरू येऊन जेवढ्या खोल्या भरेल, तेवढंच जुनं सामान बाहेर जातं. अशी पुसलेली अर्धा डझन लग्नं तिनं परत आणली होती, आणि त्यातल्या दोन जोडप्यांनी मागाहून तिला दोष दिला होता. पुण्यात इंद्रजितची कार्डं सांभाळायला वेगळा माणूस होता, त्यामुळं त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. म्हणूनच तो शेवटच्या शूटिंगनं उरलेल्या खोल्याही भरायला निघाला होता.

लॅपटॉपवर शोध सुरू झाला. निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. मावळतीचं ऊन शेडच्या पत्र्याच्या फटीतून आत येत होतं आणि हवेतली हळद त्यात तरंगत होती.

इंद्रजितनं खिशातलं पहिलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "हेही बघा. लपवून आता काय करू."

त्यानं ते कॅमेऱ्यावर लावलं; त्या व्हिडिओत पेवाचं तोंड होतं. कंदील दोरानं खाली जातो, भिंती उजळतात, ज्योत बारीक होते आणि विझते. मग नुसता काळोख. त्या काळोखात इंद्रजितचा श्वास ऐकू येतो, आणि अगदी हळू, एकट्यानं स्वतःशी बोलावं तसा आवाज: "नको. आपल्याला नाही जमायचं." तेवढंच.

"लहानपणी कोयनेला होतो," तो म्हणाला. "तिथल्या एका भूकंपात घराचं दार अडकलं, मी आत कोंडलो होतो. तेव्हापासून बंद जागा सोसत नाही. सकाळी मात्र सगळ्यांसमोर बढाई मारून बसलो, की मी पेवात उतरणार."

"हे त्या दुसऱ्याहून लय चांगलं हाय," आकाराम म्हणाला. डोळे पुसून तो पडद्याकडं बघत होता. "ह्ये खरं हाय. ह्येच दाखवलं असतं तर माझी आजी वाचली असती."

दीपमालाला इंद्रजितची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

पट्टी संपली. दीपमालानं एकेक तुकडा उघडला. सुरुवातीच्या ओव्या गेल्या होत्या. जिथं तानुबाई घोंगडीवर ताठ बसून, डोक्यावरचा पदर सारखा करून गात होती, तिथं आता इंद्रजितचा कंदील बसला होता. मधल्या एका तुकड्यात तिचा अर्धा चेहरा सापडला, बाकी नुसते रंगीत चौकोन. आवाज मध्येच तुटत होता. आकाराम प्रत्येक तुकड्याला मान हलवत होता. न्हाई. ह्ये बी न्हाई.

शेवटी एकच उरला, आणि तो अख्खा होता.

"त्ये नगं," आकाराम म्हणाला. "त्येच बिनकामाचं. त्या दिशी आजी गायलीच न्हाई. सारकी म्हनायची, आन हिकडं त्ये यंत्र, मला बगू दे. दिलं तिच्या हातात. मांडीवर धरून बसली. सुरवातीला नुसती मेंढरांची तंगडी निगालीत, फुडं म्या बगितलंच न्हाई."

"मेंढरांच्या उंचीवरून?" सृष्टीनं विचारलं.

ती उठली, खोकं घेऊन आली आणि त्याची वायर लॅपटॉपला जोडली. आकारामनं तिच्याकडं बघितलं. सकाळी त्यानंच तिला नाही म्हटलं होतं. आता त्यानं स्वतःच मान खाली केली, आणि तिनं ते खोकं त्याच्या डोक्यावर ठेवलं.

बाकीचे लॅपटॉपवर बघत होते. माळाचं वाळलेलं गवत. मेंढरांचे पाय. आभाळ तिरकं होतं, पुन्हा सरळ होतं. मग कॅमेरा एका जागी थांबतो. समोर आकाराम, काठीला टेकून, आजीकडं बघत हसतोय. त्या हसण्याला कॅमेऱ्याची भीती नव्हती, कारण कॅमेरा आजीच्या हातात होता आणि तिला तो धरता येत नाही अशी त्याची खात्री होती. म्हातारी मात्र त्याच्यावरून कॅमेरा हलवत नव्हती. आणि बघता बघता, आपण गातोय हे स्वतःला न कळता, ती गुणगुणू लागली. शब्द अर्धेमुर्धे, सूर वाऱ्यात मिसळलेला. पण ओवी तीच, जिच्यासाठी तो कॅमेरा मागून आणला होता.

कार्ड हरवलं नसतं तर हे आपण उतरवलंच नसतं, दीपमालाच्या मनात आलं. पुसायचं म्हणून सोडून दिलं असतं आणि त्यानं ते घरी जाऊन पुसलंही असतं. यात इंद्रजितचं काही पुण्य नव्हतं, त्या गेलेल्या ओव्या गेल्याच होत्या. तरी तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत.

इंद्रजित सृष्टीपाशी गेला, काहीतरी हळू बोलला. ती मान हलवून म्हणाली, "सगळ्यांसमोर बोला. ढकललंत तेव्हा सगळ्यांसमोरच होतात." तो सगळ्यांकडं वळला आणि बोलला. अडखळत बोलला, पण पूर्ण बोलला. नानासोंना त्यातलं निम्मंच कळलं, तरी ते चहा पुन्हा तापवायला उठले.

व्हिडिओ संपला होता. खोक्यातला आकाराम हलला नव्हता. त्याचा एक हात पुढं आला होता, समोर कुणीतरी काहीतरी देत असावं तसा.

"काढू का आता खोकं?" दीपमालानं विचारलं.

"ऱ्हाऊ द्या जरा," आतून आवाज आला. "परत लावा. आजी माझ्याकडंच बगत हुती, त्ये म्या आजच बगितलं."